पाणसळ आणि मातोश्री हौसाबाई

रत्नागिरी,
आश्विन शुद्ध तृतीया, शके १८५३

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे मुकुंदाचा, शिरसाष्टांग नमस्कार. येथे आम्ही उभयता आपल्या व अक्काच्या आशीर्वादाने धडधाकट असून सौ. मथुरेचा खोकला पूर्ण गेला आहे. माझा उजवा खांदा मात्र अजून ठणकतो (कारण पुढे ओघाने येईल, क्रम सोडून काही सांगणे मला जमत नाही, हे आपण जाणताच). आपल्या गुडघ्यांस तिळाच्या तेलाने उतार पडला की कसे, आणि अक्का अजून पहाटे थंड पाण्यानेच आंघोळ करते की तिला कोणी अडविले, हे उलट टपाली कळवावे. सुपारीचे पीक यंदा बरे आहे असे ऐकून समाधान वाटले.

आपले पत्र पोचले. वाडीतल्या देवळाचा सभामंडप पुरा होत आला, आणि चारी भिंतींवर, कमानींच्या वरच्या पट्टीत, ओव्या लिहवून घ्यावयाच्या आहेत, हे वाचून आनंद झाला. घरचा माणूस रत्नागिरीच्या शाळेत अक्षरे घोटवून घेतो आहे, मग चिपळुणाहून रंगारी कशाला आणावयाचा, हा आपला प्रश्नही रास्त आहे. तरीही हे काम माझ्या हातून होणे नाही. नुसते ‘होणे नाही’ एवढे लिहून पाकीट बंद करता आले असते. परंतु कारण न सांगता नकार देणे म्हणजे चूक न दाखविता मुलाची पाटी पुसून टाकणे होय. म्हणून श्रावणात येथे मिऱ्याबंदरावर जे घडले ते सगळे सांगतो. ते वाचून भिंतींसाठी दुसरा माणूस पाहावा असे आपणच म्हणाल.

आधी एक तत्त्व सांगणे अवश्य आहे, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातून उपजला. इंग्रजी अक्षरे जमिनीवर उभी असतात. रेघ त्यांच्या पायाखाली असते. आपली अक्षरे टांगलेली असतात. रेघ त्यांच्या डोक्यावर असते. माजघरात आढ्याच्या दांडीला केळीचे घड टांगावेत तशी ती शिरोरेघेला लोंबतात. दांडी तिरकी असेल तर घड कितीही सुरेख असला तरी पाहणाऱ्याची मान वाकडी होते. म्हणून मी मुलांना बोरू हाती देण्यापूर्वी रेघ मारावयास शिकवितो. बोरूचे टोक कोणत्या कोनात छाटावे, शाई किती चाटवावी, ‘अ’चे पोट कोठे भरावे, हे सर्व नंतर. आधी रेघ, आणि रेघ म्हटली की समतल रेघ. (वर्गातला फळा खिळ्यावर कललेला होता तेव्हा मी तो सरळ होईपर्यंत एक अक्षरही लिहिले नव्हते. हेडमास्तरांना ते आवडले नव्हते.) आमच्या दारावरची नावाची पाटी आपण पाहिलीच आहे. ती लिहिताना मी गवंड्याची पाणसळ मागून आणली होती. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली लहानशी नळी. तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की वस्तू सपाट आहे असे समजावे. त्या दिवसापासून ते यंत्र माझे इतके लाडके झाले की गवंड्याला ती परत केल्यावर मी स्वतःची एक विकत घेतली.

दारावरच्या ह्या पाटीनेच मला बंदरावर नेले. आमच्याकडे मासळी घेऊन येतात त्या हौसाबाई पालशेतकर. मिऱ्यावर त्यांचे घर, डोक्यावर टोपली, आवाज असा की त्या कोपऱ्यावर आल्या की आमच्या मांजराची शेपटी ताठ होते. सौ. मथुरेचा आणि त्यांचा रोज पायरीवर वाद चालतो. सुरमई ताजी की शिळी येथून सुरू होऊन तो एकमेकींच्या माहेरापर्यंत जातो, आणि मग दोघी पान खातात. हौसाबाईंना अक्षरओळख नाही. पण एके दिवशी टोपली उतरवताना त्या आमच्या पाटीकडे बघत राहिल्या आणि मथुरेला म्हणाल्या की तुमच्या दारावरची अक्षरे कशी आंघोळ करून पाटावर बसल्यासारखी दिसतात. भावोजी, इन्स्पेक्टर साहेबांनी माझ्या वर्गाच्या कित्त्यांवर शेरा दिला होता, त्याचा मला इतका आनंद झाला नव्हता.

त्यांचा मुलगा दत्ताराम त्याच संध्याकाळी आमच्याकडे आला. उन्हाने रापलेला, बोलण्यात सावकाश, आणि बोलताना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारा. उमेदीची सगळी वर्षे त्याने दुसऱ्याच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढली. आता कोठे त्याचा स्वतःचा मचवा बांधून झाला होता. नारळी पौर्णिमेला तो पाण्यात ढकलावयाचा, आणि त्याच्या दोन्ही गालांवर आईचे नाव घालावयाचे होते. त्याला नुसते ‘हौसा’ एवढेच हवे होते. मी म्हटले, आईचे नाव असे उघडेबोडके घालू नये. ‘मातोश्री हौसाबाई’ असे घालावे. (मातृभक्ती हे कारण खरेच होते. ‘हौसा’ ह्या दोन अक्षरांत कुंचल्याला पळावयास जागा नव्हती, हेही एक कारण होते.) दत्तारामाने थोडा वेळ जमीन उकरली आणि मान हलविली.

आता कुंचल्याविषयी. तेलरंगाला बाजारचे कुंचले मला चालत नाहीत. केस राठ असतात आणि वळणावर फाकतात. मी खारीच्या शेपटीचे केस कोंबडीच्या पिसाच्या नळीत बसवून स्वतः कुंचला बांधतो. (खार मरून पडली की आमच्या आळीतली माणसे आता मला निरोप पाठवितात. मथुरेच्या मते ही कीर्ती सांगण्यासारखी नाही.) रंग म्हणजे अळशीच्या तेलात घोटलेला सफेता. असा सगळा सरंजाम, एक ओळंबा, एक काव लावलेला दोरा आणि अर्थात पाणसळ घेऊन मी बंदरावर गेलो.

मचवा वाळूवर ओढून, नारळीच्या झापांनी शाकारून ठेवलेला होता. नाळ, म्हणजे त्याचे पुढचे टोक, वर किनाऱ्याकडे, आणि मागचे टोक खाली समुद्राकडे. दोन्ही अंगांना लाकडाचे टेकू. झापे काढली, चंद्रुसाचे रोगण लावलेल्या काळ्याभोर फळ्या उन्हात चमकल्या, आणि मी कामाला लागलो. दोऱ्याचे एक टोक भागोजीने धरले. हा भागोजी म्हणजे दत्तारामाच्या खलाशांतला वयाने मोठा. बाकीचे खलाशी त्याच्या तोंडाकडे पाहून हसतात किंवा हसत नाहीत. मी पाणसळ लावून रेघेची जागा ठरविली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की माझी रेघ एका दिशेने चालली आहे आणि मचव्याच्या फळ्या दुसऱ्या दिशेने. कोणी तसे म्हणण्यापूर्वीच मी खुलासा केला. फळ्या वळवून बसविलेल्या असतात, त्यांच्याकडे पाहिले की नजर फसते. म्हणून नजरेवर विसंबू नये, फळीवरही विसंबू नये, पाण्यावर विसंबावे. मी तर असेही म्हणालो की फळी खोटे बोलेल, पण पाणी खोटे बोलणार नाही. हे वाक्य भागोजीला इतके पटले की त्याने ते बाकीच्यांना दोनदा म्हणून दाखविले, आणि पाणसळीतला बुडबुडा प्रत्येकाने वाकून पाहिला. माझ्या नोकरीत इतका एकाग्र वर्ग मला मिळालेला नाही.

दोन्ही बाजूंना अक्षरे घातली. ‘श्री’ची वेलांटी लिहिताना श्वास रोखावा लागतो, तो मी रोखला. ‘हौ’च्या मात्रा अशा उतरल्या की मी स्वतः चार पावले मागे जाऊन पाहत राहिलो. हौसाबाई मुद्दाम पाहावयास आल्या. आपले नाव कोठून सुरू होते आणि कोठे संपते हे त्यांनी मला विचारून घेतले, मग एका एका अक्षरापुढे उभ्या राहिल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून गेल्या. मथुरा म्हणते की त्या दिवशी त्यांनी पायरीवर वाद घातलाच नाही.

नारळी पौर्णिमेला सारे मिऱ्या गाव बंदरावर लोटले होते. आम्ही दोघेही गेलो. मचव्याची पूजा झाली, नावाच्या प्रत्येक अक्षराला हळदकुंकू लागले, नाळेवर नारळ फुटला. मग टेकू काढले, माणसे दोन्ही अंगांनी लागली, आणि मचवा वाळूवरून घसरत घसरत पाण्यात शिरला. पहिल्या लाटेवर हलला, दुसरीवर तरंगला, वळला, आणि त्याची बाजू किनाऱ्याकडे झाली. वाजंत्री आधी थांबली. नंतर बोलणे थांबले.

भावोजी, काय झाले होते ते नीट समजावून देतो. मचवा वाळूच्या उतारावर होता तेव्हा त्याची मान वर होती. मी रेघ समतल मारली, ती ह्या मान वर केलेल्या मचव्यावर. पाण्यात जाताच मचवा सरळ झाला, त्याची मान खाली आली, आणि मानेबरोबर माझी रेघही खाली आली. (खात्री करून घ्यावयाची असल्यास आपल्या पानाच्या डब्याच्या एका टोकाखाली सुपारी ठेवावी, डब्याच्या अंगावर समतल रेघ मारावी, आणि मग सुपारी काढून घ्यावी. डबा पितळी असेल तर रेघ खडूने मारावी, आणि अक्का घरात नसताना मारावी.) ‘मातोश्री हौसाबाई’ हे नाव आता नाळेकडे असे उतरत गेले होते की शेवटचे अक्षर पाण्यात बुडी घेण्याच्या बेतात दिसत होते. पाणी खोटे बोलत नाही. ते खरेच बोलले, पण सगळ्या मिऱ्यासमोर.

मग भागोजीचा आवाज आला. “मास्तर, म्हातारी तोंडावर पडली.”

ह्यावर कोणीही हसले नाही, हे सर्वांत वाईट. ज्या मचव्यावरचे नाव समुद्रात तोंड घालते त्यावर पाय ठेवणार नाही, असे खलाशांनी दत्तारामाला तेथेच सांगितले. आणि नावही कोणाचे, तर जित्या माणसाचे. मी पुढे होऊन म्हणालो की दुसऱ्या बाजूने पाहावे. त्या बाजूला नाळ डावीकडे येते, त्यामुळे वाचणाऱ्याला तेच नाव खालून वर चढत जाताना दिसते. तेव्हा शास्त्रतः एका बाजूला अवनती असली तरी दुसऱ्या बाजूला उन्नती आहे. भागोजीने माझे म्हणणे पुरते ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “आमी वाचत नाय मास्तर. आमी बघतंव. दोनी अंगानी नाळेकडंच खाली.”

मी लगेच म्हटले की खरवडून पुन्हा लिहितो, चुकीचे लिहिलेले खोडणे हा माझा धंदाच आहे. पण तेही होईना. एकदा पूजा झाली आणि नावाला कुंकू लागले की हंगाम संपेपर्यंत त्याला लोखंड लावावयाचे नाही, असा त्यांचा रिवाज. आईच्या तोंडावर खरवडणी कोण फिरवील, असे भागोजीने विचारले, आणि दत्तारामाने मान खाली घातली. पेच आपल्या ध्यानात आला असेल. नाव पुसता येत नाही, आणि ते आहे तसे ठेवून खलाशी चढत नाहीत. दिवस गेले की दुसरे तांडेल त्या खलाशांना आपल्याकडे ओढतील, हंगाम निघून जाईल. आणि स्वतःचा मचवा झापांखाली ठेवून दत्तारामाला पुन्हा दुसऱ्याच्या मचव्यावर हुकूम झेलावयास जावे लागेल. हे सर्व एका समतल रेघेमुळे. मला ते फार जड गेले.

घरी येऊन मी कागदावर मचवा काढून विचार केला. नाव हलविता येत नाही, तर मचवा हलवावा. होडी डगमगू नये म्हणून तळाशी दगड भरतात. ते सगळे मागच्या टोकाला सारले तर मागचे टोक दबेल, नाळ वर उचलली जाईल, आणि नाव समतल होईल. सिद्धांत निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी दत्तारामाने माझ्या शब्दावर दगड मागे हलविले. नाव खरोखर समतल झाले. मी काठावरून पाणसळ डोळ्यासमोर धरून ते पडताळूनही पाहिले. परंतु मचव्याची नाळ अशी वर गेली की एखादी शेळी पुढचे पाय कुंपणावर टेकून वईचा पाला खाते आहे असे दिसू लागले. वारा येताच ही शेळी स्वतःभोवती फिरू लागली. आता मात्र खलाशी हसले. दत्तारामही हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला. दगड पुन्हा जागेवर आले. (माझा खांदा दुखावला तो ह्या वेळी. दगड मीही उचलले होते. नुसता सिद्धांत मांडून काठावर उभे राहणे मला प्रशस्त वाटेना.)

तिकडे आमच्या पायरीवर हौसाबाई येईनाशा झाल्या. त्यांच्याऐवजी सगुणा नावाची दुसरीच बाई मासळी घेऊन आली. मथुरेने तिच्याकडून मासळी घेतली नाही. तिने सगुणेला हौसाबाईंचे विचारले, तर कळले की त्या घरातच असतात, बंदराकडे तोंड करून बसत नाहीत, आणि कोणी विचारले तर पाय दुखतो म्हणतात. मथुरेने मला हे सांगितले आणि पुढे काहीच म्हणाली नाही. आपणही विवाहित आहात. पुढे काहीच न म्हणणे म्हणजे काय हे मी आपणास समजावून सांगावयास नको. संध्याकाळी ती पदर खोचून मिऱ्यावर हौसाबाईंच्या घरी गेली. दोघींचे काय बोलणे झाले हे मला ठाऊक नाही. मला एवढेच सांगण्यात आले की आवाज चढले, सुरमईचा विषय निघाला, दोघींची माहेरे निघाली, आणि पान खाल्ले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई बंदरावर आल्या. मीही तेथे होतो (मथुरेने पाठविले होते). मचवा नांगरावर डुलत होता. हौसाबाई कमरेवर हात ठेवून किती तरी वेळ आपल्या नावाकडे पाहत राहिल्या. खलाशी थोडे लांब सरकले. दत्ताराम जमीन उकरू लागला. अखेर त्या माझ्याकडे न पाहताच बोलल्या.

“मी पडलंय, असंच दिसतंय ना? बरं. पडल्या माणसाला काय करत्यात मास्तर, पुसत्यात? का खालनं हात देऊन उचलत्यात?”

मग भागोजीकडे वळून त्यांनी विचारले की नावाला लोखंड लावायचे नाही हे खरे, पण रंग लावायचा नाही असे तुझ्या कोणत्या आजाने सांगितले आहे. भागोजीने विचार केला. त्याच्या आजाने तसे सांगितलेले नव्हते.

भावोजी, मी अक्षरांचा मास्तर. आपली अक्षरे वरून टांगलेली असतात, हे मी सगळ्या नोकरीभर शिकवीत आलो. त्यांना खालून हात द्यावा ही कल्पनाच माझ्या शास्त्रात कोठे नव्हती. पण हौसाबाई बोलल्या त्या क्षणी काय काढावयाचे ते मला दिसले. नावाच्या उंच टोकाखालून एक बारीक रेघ निघावी, अक्षरांखालून वाहत जावी, नाळेकडे जाता जाता भरत जावी, आणि शेवटच्या अक्षराखाली येऊन फुगून, उसळून वर वळावी. म्हणजे एक लाट. नाव पडत असेल तर पडो. लाटेने ते झेललेले असावे.

अडचण अशी की मचवा पाण्यात होता, आणि एकदा उतरलेला मचवा नाव दुरुस्त करण्यासाठी परत वाळूवर ओढणे दत्तारामाला मान्य नव्हते. तेव्हा लहान होडीतून मचव्याच्या कुशीला जाऊन, तेथे उभे राहून ती लाट काढावयाची होती. मासळी मला आवडते, तरी समुद्र मला मानवत नाही. भागोजीने वल्हे घेतले. मी दोरा बाहेर काढला. दोऱ्याचे एक टोक मचव्यावर, एक होडीत, आणि दोन्ही आपापल्या मर्जीने वरखाली. मी पाणसळ काढली. तिच्यातला बुडबुडा पिंजऱ्यातल्या उंदरासारखा ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता. भागोजीने ते पाहिले. मग तो अगदी मऊपणे म्हणाला, “ठेवा मास्तर ती आत. भिजंल.”

मी ती आत ठेवली. ज्याने जन्मात मोकळ्या हाताने पानावर समासही मारला नाही, तो मी, हातात खारीच्या केसांचा कुंचला घेऊन, एका हलणाऱ्या वस्तूवरून दुसऱ्या हलणाऱ्या वस्तूवर रेघ मारावयास उभा राहिलो. काठावर हौसाबाई, दत्ताराम, खलाशी आणि (मागाहून कळले) सौ. मथुराही. प्रथम काही सुचेना. मग एक गोष्ट ध्यानात आली, ती मी आता वर्गातही सांगतो. लाट येते तेव्हा होडी आणि मचवा वेगवेगळे उचलले जातात. पण लाटेच्या अगदी माथ्यावर एक क्षण असा येतो की दोन्ही एकाच वेळी थांबतात. बोरू शाईत बुडवून कागदावर टेकवण्यापूर्वी आपण श्वास धरतो ना, तसा समुद्र तेथे श्वास धरतो. त्या क्षणापुरते लिहावे, आणि मग कुंचला उचलून पुढच्या लाटेची वाट पाहावी. असे तुकड्या तुकड्याने मी लिहीत गेलो. पण शेवटच्या अक्षराखाली आलो आणि भान राहिले नाही. कुंचला उचललाच नाही. खालून एक मोठी लाट आली, तिने होडी उचलली, होडीने मला उचलले, आणि माझ्या हाताने तो सबंध उसळता फराटा एका दमात मारला. तो मी मारला की समुद्राने मारला, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. दुसऱ्या बाजूची लाट त्याहून बरी आली. मध्ये रंगाचा एक थेंब ओघळला. त्याचा मी लहानसा मासा केला.

होडी काठाला लागली तेव्हा माझी अवस्था पाहण्यासारखी नव्हती. हौसाबाईंनी मला टोपलीवर बसविले, पाणी पाजले, आणि आपण पुन्हा मचव्याकडे पाहत उभ्या राहिल्या. नाव अजून तसेच नाळेकडे उतरत होते. पण त्याखाली लाट उचललेली होती, आणि मचवा डुलला की मातोश्री बुडत नसून लाटेवरून चालल्या आहेत असे दिसे. भागोजीने धोतर वर खोचले, तो कमरेइतक्या पाण्यातून चालत गेला, आणि मचव्यावर चढला. बाकीचे त्याच्या मागून चढले. दत्तारामाने आईच्या पायावर डोके ठेवले, तेव्हा ती त्याच्यावर खेकसली की निघ आता, भरती तुझ्यासाठी थांबायची नाय.

मचवा आता रोज जातो आणि रोज येतो. हौसाबाई पुन्हा आमच्या पायरीवर येतात. पहिल्या दिवशी त्यांनी आणलेले बांगडे शिळे आहेत असे मथुरेने तोंडावर सांगितले, तेव्हा घरातले सगळे सुरळीत झाले असे मी समजलो.

इतके सगळे घडल्यावर मी आपल्या सभामंडपाच्या भिंतीसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? पूर्वी माझा रेघेवर विश्वास होता. आता रेघ मारावयास बसलो की हाताला ती उसळी आठवते. आणि मोकळ्या हाताने लिहावयास बसलो की डोळे पाणसळ शोधतात. अशा मधल्या अवस्थेतल्या माणसाला देवळाच्या भिंतीजवळ उभे करणे धोक्याचे आहे. तेव्हा चिपळूणचा रंगारीच आणावा, हे उत्तम. राग नसावा. अक्काला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गाईला वासरू झाले असल्यास कोणत्या रंगाचे ते कळवावे.

आपला आज्ञांकित,
मुकुंद आत्माराम नाडकर्णी

ता. क. – केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो. भिंतींचा गिलावा पुरता वाळला आहे काय? ओल्या गिलाव्यावर रंग धरत नाही. नख मारून पाहावे; पांढरे उठले तर वाळला. रंगारी चुन्यावर तेलरंग लावू पाहील, त्याला लावू देऊ नये. कमानींच्या वरची पट्टी किती उंच आहे, हे आपण लिहिलेच नाही. चिपळूणचे लोक अक्षर फार बारीक काढतात, खालून वाचता येत नाही, असे माझ्या ऐकण्यात आहे.

ता. क. दुसरे – वरील पत्र पुन्हा वाचून पाहिले. चिपळूणच्या रंगाऱ्याला अद्याप निरोप धाडला नसल्यास धाडू नये. दसऱ्यानंतर दत्ताराम सुक्या मासळीसाठी तिकडे येणार आहे. त्याच्या मचव्यातून आम्ही उभयता येतो. भागोजीने मला सांभाळून आणण्याचे पत्करले आहे. गुहागरच्या वाळूवर उभे राहावे. मचवा दुरूनच ओळखू येईल.

ता. क. तिसरे, हे मथुरेचे – वन्सं व भावोजी यांस नमस्कार. तिकीट आणायला हे बाहेर गेले आहेत, पाकीट मी बंद करते आहे. कुंचल्यांची पेटी पत्र लिहायला बसण्याआधीच बांधून झाली होती, नकार खरा समजू नये. त्यांच्या मनात एक गोष्ट आहे, ती ते भावोजींना संकोचाने विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते. चारांतली एक भिंत त्यांना रेघ न मारता, मोकळ्या हाताने लिहू द्यावी. लहानशी असली तरी चालेल. आणि त्यांनी ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी पाणसळ घातली होती, ती मी काढून हौसाबाईंकडे ठेवायला दिली आहे. त्यांनी ती मासळीच्या टोपलीखाली ठेवली आहे. तिकडे पोचून ते शोधू लागतील, तेव्हा तुम्हांला काही माहीत नाही.